मागे राहिलेली

१

आमच्या पाण्याची पाळी शुक्रवारी. उजाडता उजाडता उठायचं, खांद्यावर फावडं टाकायचं, पाटाच्या कडेकडेने वरच्या दारापर्यंत जायचं, लाकडी फळी उचलायची आणि मग दुपारपर्यंत पाण्यामागे चालायचं. एक सरी भरली की मातीने तिचं तोंड बांधायचं, पुढचीचं फोडायचं. दारं धरणं म्हणजे एवढंच. नऊ वर्षं मी हे स्वप्नात करत होते. उत्तरेकडच्या त्या विद्यापीठात पाणी आभाळातून फुकट पडतं आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. तिथे मातीचे नमुने वाळवत बसले की मला आमचं खोरं दिसायचं. आमच्या एल रेमान्सो गावचा पाट, आमचा मिरची-मक्याचा तुकडा, आणि त्यात दारं धरलेली मी.

जूनमधल्या त्या शुक्रवारी मी शेतावर पोचले तेव्हा शेत भिजलेलं होतं.

अर्धंमुर्धं नाही, पूर्ण. मिरचीच्या कोवळ्या रोपांतून पाणी मुरत चाललं होतं आणि शेवटच्या सरीत अजून आभाळ चमकत होतं. वरच्या दाराची फळी जागच्या जागी बसवलेली. प्रत्येक सरीच्या तोंडाशी माती बांधलेली, आणि त्या मातीवर टाच रोवून अर्धा फेर घेतल्याची खूण. ही खूण आमच्या घरची. बाकी सगळे फावड्याच्या पाठीने माती थोपटतात. माझी आई टाच फिरवायची, तिचं बघून मी. लोक त्याला ‘माएस्तास घराण्याचा नाच’ म्हणून हसायचे. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

मी तशीच उभी होते तेव्हा फिलाडेल्फियोची जुनी पिकअप बांधाशी येऊन थांबली. तियो फिलो, म्हणजे फिलोकाका, आमचे पाटकरी. कुणाला पाणी कधी आणि किती हे ठरवणारा माणूस. त्यांच्याशी भांडण म्हणजे आभाळाशी भांडण.

“काय गं शिकलेली!” खिडकीतून कोपर बाहेर काढून ते म्हणाले. “फावडं विसरली नाहीस म्हणायचं.”

“तियो, मी आत्ताच येतेय.”

“हो तर! आणि पाणी आपलं आपण वळलं. शहाणं पाणी आहे आमचं.” ते खदाखदा हसले. “तुझ्या बापाला, बेलार्मिनोला सांग, पोरगी कामाची आहे म्हणावं.”

गाडी गेली. स्तुती माझी नव्हती, तरी ती ऐकून मला बरं वाटलं. आणि लगेच, ती ज्या कुणाची होती तिचा मला हेवा वाटला.

२

घरी आले. दाराशी माझ्या वडिलांचे, आपांचे, गमबूट कोरडे होते. आपा चुलीपाशी उभे राहून तवा तापवत होते. उजवा गुडघा गेल्यापासून ते भिंतीला धरून चालतात.

“पाण्यावर तुम्ही गेला होतात?”

“मी? या गुडघ्यावर?”

“मग शेत कुणी भिजवलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याने काहीतरी भलतंच विचारावं आणि आपण त्याचं मन राखावं, तसं.

“तूच की,” ते म्हणाले. “अंडं कसं करू तुला? पिवळं मोडलेलं चालेल ना?”

हे ‘चालेल ना’ मला आल्या दिवसापासून छळत होतं. आपा माझ्याशी फार चांगले वागत होते. कडेला निळी रेघ असलेली चांगली ताटली मला. खिडकीशी असलेली खुर्ची मला. उन्हात येऊ नकोस, हात खराब होतील. आणि दर थोड्या दिवसांनी, अगदी सहज, “तुझी बस कधीची गं?”

मी सांगायची, आपा, मी राहायला आलेय. विद्यापीठाने पहिलं हिम पडेपर्यंत माझी जागा राखून ठेवली होती हे खरं, पण ती घ्यायची नाही हे मी मनात कधीच ठरवलं होतं. खालच्या शहरातल्या नव्या वसाहतींना पाणी हवं होतं. त्यांची माणसं खोऱ्यात येऊन एकेका म्हाताऱ्याच्या ओसरीवर गोड बोलून त्याची पाळी विकत मागत होती. ज्याच्यामागे कुणी नाही त्याचं पाणी आधी जातं. आमच्याकडे कागद काहीही म्हणो, पाळी खरी सोपवली जाते ती तोंडाने. बाप पाटकऱ्यासमोर म्हणतो, ‘यापुढे दारं हिची.’ झालं. ते एक वाक्य ऐकायला मी एवढ्या लांबून आले होते. आपांनी ते म्हटलं असतं तर मी बियाणं राखलं असतं, खोऱ्यातल्या प्रत्येक घराला उभं केलं असतं, ओसरीवरच्या त्या गोड माणसांना हाकललं असतं. मी पेटलेली होते. फक्त ते वाक्य येत नव्हतं.

“आपा,” मी अंडं खाता खाता म्हटलं, “पुढच्या शुक्रवारी मला उठवा. मी एकटीच धरेन दारं.”

“बरं,” आपा म्हणाले. “जशी तुझी मर्जी.”

मर्जी! घरातल्या पोरीला कुणी मर्जी विचारतं?

पुढच्या शुक्रवारी त्यांनी उठवलं नाही. मीच उठले, धावत गेले. शेत भिजलेलं होतं.

३

कारणं शोधायची मला सवय आहे, तेच शिकलेय मी. शेजारचं कुणीतरी बिचाऱ्या म्हाताऱ्याला मदत करतं आणि उपकार नको म्हणून बोलत नाही. किंवा आपांनी कुणा बाईला कामाला ठेवलंय आणि मला सांगायला लाजतायत. टाचेची खूण? आईचं बघून कुणीही उचलली असेल. ही सगळी कारणं ठीक होती. माझं दुखणं वेगळंच होतं. जी कुणी होती ती काम माझ्याहून चांगलं करत होती आणि आपांना ते माहीत होतं.

जुलैत ऊन असं झालं की दुपारी कोंबड्यासुद्धा गाडीखाली जाऊन बसायच्या. आपा रोज बाराच्या सुमाराला घेवड्याची उसळ घालून टॉर्टिया गुंडाळायचे, फडक्यात बांधायचे आणि काठी टेकत मक्याकडे जायचे. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

“मी येते ना सोबत.”

“नको गं. तू जेव सावलीत.”

एका दुपारी मी ताटाला हात लावला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. मका माणसाच्या वर गेला होता, आपा त्यात दिसेनासे झाले. मग त्यांचा आवाज आला.

“अगं गाढवे! असं बांधतात का तोंड? तुझ्या आईनं बघितलं असतं तर फावडंच घातलं असतं डोक्यात!”

आणि हसू. आपांचं हसू, पोटातून येणारं, शेवटी खोकल्यात जाणारं. मी ते नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. आल्यापासूनही नाही.

मग कुणीतरी उत्तर दिलं. बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला. शब्द कळले नाहीत, पण तिने उलट काहीतरी सुनावलं असावं, कारण आपा पुन्हा हसले आणि म्हणाले, “जीभ बघा महाराणीची!”

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते असं: आल्यापासून मला त्यांनी एकदाही शिवी दिलेली नाही.

मी अनवाणीच पळत गेले. मक्याच्या पानांनी हात कापले. बांधावर आपा एकटे बसले होते, काठी मांडीवर. त्यांच्या शेजारी गवत दबलेलं होतं आणि हळूहळू उठत होतं. फडक्यावर एक टॉर्टिया पडली होती, एक घास खाल्लेली.

“भूक लागली का तुला?” आपा म्हणाले. आवाज लगेच मऊ, ओळखीचा परका आवाज. “ताट झाकून ठेवलंय मी.”

“कोण होतं इथे?”

“कोण असणार?” ते मक्याकडे बघत राहिले. “ऊन लागेल, जा बाळ.”

मी ती टॉर्टिया उचलून घेतली. घरी येऊन टेबलावर ठेवली. माझा वरचा एक दात जरासा तिरका आहे. लहानपणी मी कणसाच्या दाण्यांत मुद्दाम त्याची खूण उमटवून आईला दाखवायची. टॉर्टियाच्या चंद्रकोरीत डावीकडे एक खाच होती. शेजारच्या कडेला मी स्वतः एक घास घेतला आणि दोन्ही चंद्रकोरी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

मग सगळी टॉर्टिया खाऊन टाकली. का, ते मला सांगता येत नाही. तिला उरू नये एवढंच डोक्यात होतं.

४

तियो फिलोंना मी पाटाच्या मुखाशी गाठलं. ते अडकलेला पालापाचोळा आकड्याने ओढत होते.

“तियो, आमच्या शेतावर दारं कोण धरतं?”

“हा काय प्रश्न? तू.”

“मी जूनमध्ये आले. त्याआधी?”

ते थांबले. आकडा जमिनीत रोवला, टोपी मागे सारली.

“त्याआधीही तूच होतीस, पोरी. म्हणजे,” त्यांनी घाम पुसला, “हे बघ, वसंतात पाट साफ करायला सगळ्या घरांची माणसं उतरतात. मी नावं घेतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची आणि आपल्या वाट्याचा तुकडा उपसायचा. सलग काही वर्षं ओ आली नाही, की पाळी जाते. तू गेलीस तरी तुझ्या आपानं तुझं नाव काढू दिलं नाही. मी म्हणायचो, ‘ओर्लिंडा माएस्तास!’ आणि तो ओरडायचा, ‘हजर!’ लोक हसायचे. म्हणायचे, बेलार्मिनो, तुझ्या पोरीचा आवाज फुटला रे! दोन तुकडे उपसायचा बिचारा. एक स्वतःचा, एक तुझा.”

“आणि मग?”

“मग एका साली त्याचा घसा बसला होता. न्यूमोनियातून उठला होता नुकताच. मी मनात म्हटलं, आता काय करणार हा? नाव घेतलं. आणि पाठीमागून ओ आली. ‘हजर.’ बाईचा आवाज.” तियो फिलोंनी आकडा उचलला, पुन्हा रोवला. “मला वाटलं, आली वाटतं पोरगी सुट्टीला. पाटात सगळ्यांच्या माना खाली असतात गं. कोण बघतं? मी पुढे गेलो. संध्याकाळी तुझा तुकडा बघितला, तळापर्यंत साफ. तेव्हापासून दर साली.”

“तुम्ही तिचं तोंड कधी बघितलंत?”

“तुझंच तोंड की,” ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही. मग जरा हसायचा प्रयत्न करत, “अगं, पाट साफ होतो ना? मग पाटकऱ्यानं जास्त विचारू नये.”

५

त्या संध्याकाळी आपा ओसरीवर पायलीभर घेवडा सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. खुर्चीवर नाही.

“आपा, ती कोण आहे?”

शेंगा फुटण्याचा आवाज चालू राहिला.

“आपला शेतकऱ्यांचा संत, सान इसिद्रो, प्रार्थनेला बसला होता,” आपा म्हणाले, “तेव्हा त्याचं औत कोण हाकत होतं?”

“देवदूत. पण आपा, ती गोष्ट आहे.”

“गोष्टच. पण बघ, त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, प्रार्थना झाल्यावर त्या देवदूताला कुठे ठेवलंस?” त्यांनी मूठभर टरफलं बाजूला टाकली. “जागा रिकामी ठेवायची नसते. माझ्या बापानं मला हेच सांगितलं होतं. म्हणून मी तुझ्या नावाला ओ देत राहिलो. नंतर मला द्यावी लागली नाही.”

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“पहिल्या दिवशी वाटली. मग तिनं फावडं चुकीचं धरलं आणि मी ओरडलो. ओरडल्यावर कसली भीती?” ते किंचित हसले. “मला न्यूमोनिया झाला तेव्हा शेतावर कोण होतं? गारा पडल्या त्या साली रोपांवर पोती कुणी घातली? मी अंथरुणात आणि बाहेर गोण्या ओढल्याचा आवाज. रात्रभर मी तुझं नाव घेत होतो.”

“आता मी आलेय ना!”

“हो. बरं वाटलं तू आलीस ते.” अगदी मनापासून म्हणाले. पाहुण्याला म्हणतात तसं.

मी त्यांना सगळं सांगितलं, शहरवाल्यांचं, बियाण्याचं, खोऱ्याचं. मी किती पुस्तकं वाचली ती याच तुकड्यासाठी. मी शेवटी म्हटलं, “ते वाक्य म्हणा आपा. तियो फिलोंना बोलावते मी. म्हणा, यापुढे दारं हिची.”

आपांनी हातातली शेंग तशीच धरली.

“ते झालंय गं. कधीच म्हटलंय मी फिलोसमोर.”

“कुणाला दिलीत?”

“ओर्लिंडाला,” आपा म्हणाले.

६

सप्टेंबरमध्ये मिरची लाल झाली. आपा आणि मी माळा ओवत बसायचो. माझ्या माळा जरा सैल व्हायच्या आणि आपा म्हणायचे, “छान आहे, छान आहे.” सकाळी ओसरीच्या खांबाला मी न ओवलेल्या माळा टांगलेल्या असायच्या, वेणीसारख्या घट्ट, चमकदार. शेजारून जाणारे लोक गाडी थांबवून माझं कौतुक करायचे. मी ‘हो’ म्हणायला लागले होते. तिची स्तुती चोरून घेण्यात मला एक हलकट समाधान मिळत होतं.

मग माझ्या खोलीत काहीतरी बदललं. आधी वासाने कळलं. ओल्या मातीचा वास, आणि भाजलेल्या मिरचीचा धूर. कपाटात माझा उत्तरेतला निळा कोट होता, जाड, बर्फासाठी घेतलेला. आल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. त्याची बटणं लावलेली होती, एक चुकीच्या घरात. माझे चांगले बूट मी घालून बघितले. ते मला सैल झाले होते. अनवाणी चालून चालून पसरलेल्या पायाने आतून चामडं रुंद केलं होतं, आणि पुढे, बोटांच्या जागी, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे होते.

मी कपाटासमोर उभी राहून मोठ्याने बोलले. “माझा बाप घेतलास. माझं पाणी घेतलंस. आता कोटही?”

खोली शांत होती. खिडकीबाहेर कुणीतरी श्वास रोखून उभं असावं अशी शांत.

मला तेव्हा वाटलं, तिला माझं सगळंच हवंय. बुटांचा अर्थ साधा होता, पण मला तो दिसला नाही. मत्सराला दुसऱ्याचं असलेलंच दिसतं, नसलेलं दिसत नाही.

मी एकच गोष्ट ठरवली. जागा रिकामी सापडते म्हणून ती येते. मोसमातली शेवटची पाळी उरली होती, थंडीआधीचं पाणी. त्या दिवशी जागा भरलेली असेल. माझ्यापेक्षा आधी तिथे कुणी नसेल.

७

त्या शुक्रवारी मी कोंबडा आरवायच्या आधीच शेतात जाऊन बसले. आईची गवती टोपी घातली, आपांचे गमबूट घातले. पूर्व उजळली तशी मीच फळी उचलली आणि पाणी मीच आत घेतलं.

काम करता करता मला आनंद झाला हे मला सांगायलाच हवं. पाणी थंड होतं, मी म्हणेन तिकडे वळत होतं. सरी भरायची, मी तोंड बांधायची, टाच रोवून अर्धा फेर घ्यायची. हात आपोआप चालत होते. ऊन वर आलं तसं मी गमबूट काढून फेकले, चिखल बोटांतून वर आला. मी मनात म्हणत होते, ये आता. ये ना. बघ, इथे जागा नाही.

ती आली ते मला आवाजावरून कळलं नाही. पाणी बदललं. दोन सऱ्यांपलीकडे, वाळलेल्या मक्यात, पाणी क्षणभर थबकलं, जसं कुणाच्या पायांना वळसा घालताना थबकतं.

मी मान वर केली. मक्याच्या पिवळ्या ताटांमधून एक हात आला आणि त्याने पान बाजूला केलं. त्या हाताची नखं तुटलेली होती. भेगांत माती इतकी जुनी की ती आता कातडीच झाली होती. करंगळीवर, माझ्या करंगळीवर आहे तिथेच, जुना विळ्याचा व्रण होता. वर, पानांच्या फटीत, एक डोळा.

तो डोळा माझ्याकडे बघत नव्हता.

मी इतका राग धरून उभी होते, आणि तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती घराकडे बघत होती. नुसतं घराकडे नाही. घरामागच्या रस्त्याकडे, जो खोऱ्याबाहेर जातो. तसं बघणं मला ठाऊक होतं. अठराव्या वर्षी मी रोज याच बांधावरून तसं बघायची.

मग पान जागेवर आलं. मक्यात काही हललं नाही.

मी सरी पुरी केली. पाणी अर्धवट सोडून जाता येत नाही, फुटलं तर खालच्याचं शेत वाहून जातं. नाहीतर मी तेव्हाच पळाले असते. शेवटचं तोंड बांधताना घराकडून तियो फिलोंच्या पिकअपचा भोंगा ऐकू आला.

बांधावर चढले तेव्हा ते दिसलं. फाटकाशी आपा टोपी हातात घेऊन उभे होते. तियो फिलो गाडीत माझी बॅग ठेवत होते. आणि दाराशी निळा कोट घातलेलं कुणीतरी, पाठमोरं, ताठ, केस नीट विंचरलेले. आपांनी तिला मिठी मारली, जपून, कपडे चुरगळू नयेत अशी. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

मी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. पण हाक मारायची कुणाच्या नावाने?

गाडी गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी होती.

आपा काठी टेकत शेताकडे आले. त्यांचे डोळे लाल होते. बांधावर बसले, खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

“गेली,” ते म्हणाले. “फार बोलते बिचारी, पण चांगली आहे. पाण्याची फार काळजी तिला.”

मला सांगायचं होतं. आपा, मी इथे आहे, मीच ती, फार बोलणारी. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात आपांची नजर शेवटच्या सरीवर गेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

“अगं गाढवे!” ते गरजले. “ते तोंड बघ! झिरपतंय तिकडून! उद्या फिलो माझी खरडपट्टी काढेल तेव्हा तू देणार आहेस का उत्तर?”

मी उतरले, माती ओढली, टाच फिरवली. परत येऊन त्यांच्याशेजारी गवतात बसले. त्यांनी फडकं सोडून टॉर्टियाचे दोन तुकडे केले, मोठा मला दिला. मी तो खाल्ला, आणि बोलले नाही.

८

हिवाळा आता संपत आलाय. माझे हात फाटलेत. आपा दिवसभर माझ्यावर ओरडतात. शहरवाली माणसं एकदा येऊन गेली. मी फावडं घेऊन ओसरीवर आले, तेव्हा त्यांनी फार वेळ घेतला नाही. विद्यापीठाकडून काही विचारणा आली नाही. तिथली जागा रिकामी राहिलेली नसावी. तियो फिलो मला भेटले की हात वर करतात आणि जरा लांबूनच जातात. एकदा मी विचारलं, बसवर सोडलंत तेव्हा ती काही म्हणाली का? ते म्हणाले, “रस्ताभर खिडकीबाहेर बघून हसत होती,” आणि विषय बदलला.

काल दुपारी बर्फ पडत होतं. आपा शेगडीशी खुर्चीत पेंगत होते. चुलीवर मक्याच्या दाण्यांचं पोसोले रटरटत होतं. भिंतीवरचा फोन वाजला.

मी घेतला. बराच वेळ नुसते गाड्यांचे आवाज. मग कुणीतरी बोललं. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला की तो जसा परका आणि जरा नावडता वाटतो, तसा.

“आपा आहेत का?”

मी शेगडीकडे बघितलं.

“इथे फार थंडी आहे,” आवाज म्हणाला. “सगळे खूप चांगले वागतात माझ्याशी.” थोडं थांबून, हळूच, “त्यांना दे ना जरा फोन. काही नाही, नुसतं... त्यांनी एकदा ओरडावं माझ्यावर.”

शेगडीपाशी आपांनी एक डोळा उघडला.

“ते पाण्यावर गेलेत,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

“कोण होतं गं?” आपांनी विचारलं.

“चुकून लागला होता.”

“एवढ्या बर्फात? अडचणीत असेल कुणीतरी. परत आला तर नीट विचार.”

मी शाल उचलून त्यांच्या गुडघ्यावर घातली, चारी बाजूंनी खोचली. फोन पुन्हा वाजायला लागला.

“तुम्ही उठू नका, आपा,” मी म्हणाले. “मी बघते.”